वसई किनाऱ्यावरील वन्य जीव संरक्षण

पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील खाड्या, खाजणे, वाळूचा किनारा व पूर्वेकडील डोंगराळ वने यांत राहणारे प्राणी व वनस्पती आणि बदलत्या जलवायुमानात (दीर्घकालीन सरासरी हवामानात) त्यांचे रक्षण करण्याचे प्रयत्न यांची माहिती येथे दिली आहे. वसतिस्थानाची हद्द ठरवून तिच्या आत मानवी हस्तक्षेपास मनाई करणे, ही वन्य जीव संरक्षणाची रूढ पद्धत होय. राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये याच तत्त्वावर उभी आहेत. वसतिस्थान आज जेथे आहे तेथेच ते पुढेही राहील, असे या पद्धतीत गृहीत धरलेले असते. जलवायुमान बदलू लागले म्हणजे हे गृहीत लागू पडत नाही. समुद्राची पातळी वाढली की कांदळवन जमिनीच्या बाजूस सरकू पाहते. उन्हाळा तीव्र झाला की वनातील प्राणी पाण्याच्या शोधात हद्दीबाहेर पडतात. अशा वेळी जीवांना सरकण्यास जागा उरली आहे की नाही, यावर त्यांचे अस्तित्व अवलंबून राहते. विरारच्या पश्चिमेस असलेल्या बोळिंजच्या परिसरात हा प्रश्न विशेष स्पष्टपणे दिसतो. कारण तेथे समुद्र, खाजण, बागायत व दाट नागरी वसाहत ही थोड्या किमी.च्या अंतरात एकमेकांस भिडलेली आहेत.

प्रदेश व जीवसृष्टी : उत्तरेस वैतरणा नदीचे मुख व दक्षिणेस वसईची खाडी यांच्या दरम्यान हा सखल प्रदेश पसरलेला आहे. पश्चिमेस अर्नाळा, कळंब, भुईगाव, रानगाव इ. गावांचा वालुकामय किनारा असून वैतरणेच्या मुखाशी किल्ला असलेले अर्नाळ्याचे बेट आहे. प्राचीन काळी प्रसिद्ध असलेले शूर्पारक (सोपारा) हे बंदर याच भागात होते. ते ज्या खाडीच्या आश्रयाने वाढले ती पुढे गाळाने भरत गेली. यावरून येथील किनारारेषा इतिहासकाळातही स्थिर नव्हती, हे दिसून येते. पूर्वी मात्र किनारा सरकला की त्याबरोबर वनस्पती व प्राणीही सरकत असत. आता बांध, रस्ते व इमारती यांनी ही रेषा एका जागी जखडली गेली आहे.

खाड्यांच्या काठी तिवर, कांदळ, चिपी, काजळा, मारांडी इ. वनस्पतींची कांदळवने आहेत [→ कच्छ वनश्री]. त्यांच्या चिखलात निवटी, चिंबोऱ्या व कालवे आढळतात; अनेक जातींच्या माशांची व कोळंबीची पिले तेथे वाढतात. बगळे, वंचक, खंड्या हे पक्षी व कोल्ह्यासारखा सस्तन प्राणी यांनाही कांदळवनाचा आसरा मिळतो. मिठागरे व उथळ पाणथळ जागा यांत शेकाटे, टिटव्या, तुतवार, चिखले, कुरव, सुरय इ. पक्षी चरतात. त्यांपैकी बरेच हिवाळी पाहुणे असून ते उत्तरेकडील थंड प्रदेशांतून येतात. पूर्वेस तुंगारेश्वरची डोंगररांग असून तिच्यावर मिश्र पानझडी वने आहेत. तुंगारेश्वर अभयारण्य (सु. ८५ चौ. किमी.) २००३ मध्ये घोषित झाले. ईशान्येकडील तानसा अभयारण्य व वसईच्या खाडीपलीकडील संजय गांधी राष्ट्रीय उद्यान यांना जोडणारा दुवा म्हणून त्याचे महत्त्व त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने पुष्कळच अधिक आहे. बिबट्या हा या वनांतील प्रमुख मांसाहारी प्राणी होय.

जलवायुमानातील बदल : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या तुलनेने २०११–२० या दशकात पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान सु. १.१° से.ने अधिक होते. १९०१ ते २०१८ या काळात समुद्राची जागतिक सरासरी पातळी सु. २० सेंमी.ने वाढली. २००६–१८ या काळात वाढीचा वेग वर्षाला सु. ३.७ मिमी. होता, म्हणजे विसाव्या शतकातील सरासरी वेगाच्या तो दुपटीहून अधिक होता. अरबी समुद्राचे पाणी तापत असून त्यातील चक्रीवादळांची संख्या व तीव्रता वाढल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले, तर मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ हे चक्रीवादळ मुंबई व पालघरच्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले.

पावसाचे स्वरूपही पालटले आहे. मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सु. तिपटीने वाढल्या. थोड्या तासांत पडणारा मोठा पाऊस व उधाणाची भरती ही एकाच वेळी आली म्हणजे वसईसारख्या सखल प्रदेशातील पाण्याचा निचरा थांबतो. जुलै २०१८ मधील अतिवृष्टीत वसई-विरारचा मोठा भाग जलमय झाला. नालासोपारा येथे रूळ पाण्याखाली जाऊन रेल्वे वाहतूक बंद पडली आणि मिठागरांत राहणारी कुटुंबे पाण्याने वेढली गेली. ज्या सखल जागा पक्षी व मासे यांचे आश्रयस्थान आहेत, त्याच माणसांच्या दृष्टीने पुराचे पाणी साठवणाऱ्या जागा आहेत, हे या प्रसंगाने ध्यानात आणून दिले.

कांदळवनांवरील परिणाम : कांदळवन समुद्राच्या वाढत्या पातळीस दोन प्रकारे तोंड देते. पहिल्या प्रकारात झाडांच्या श्वसनमुळांत व आधारमुळांत भरतीबरोबर आलेला गाळ अडकतो. त्यात गळलेली पाने व मेलेली मुळे मिसळून जमीन हळूहळू उंच होत जाते. ही उंची पाण्याच्या पातळीबरोबर वाढत राहिली, तर वन आहे त्याच जागी टिकते. मात्र या क्षमतेला मर्यादा आहे. पातळी वर्षाला सु. ६-७ मिमी.हून अधिक वेगाने वाढू लागली, तर जमिनीची उंची मागे पडते, असे जगातील पूर्वकालीन कांदळवनांच्या अवशेषांवरील संशोधनातून दिसून आले आहे. नदीने आणलेला गाळ कमी झाला तर ही मर्यादा आणखी लवकर गाठली जाते. वैतरणेवर मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी मोडकसागर, मध्य वैतरणा इ. धरणे बांधलेली आहेत. धरणांच्या मागे गाळ अडून राहत असल्याने नदीमुखाशी तो किती पोहोचतो, याला महत्त्व येते.

दुसऱ्या प्रकारात कांदळवन जमिनीच्या दिशेने सरकते. समुद्राकडील झाडे बुडून मरतात व भरतीबरोबर वाहत आलेली बीजे आणि रोपे पूर्वी कोरड्या असलेल्या जागी रुजतात. यासाठी कांदळवनाच्या मागे मंद उताराची मोकळी जमीन असावी लागते. वसईच्या किनाऱ्यावर अशा जमिनीत खारबंदिस्ती, मिठागरे, भराव घातलेले भूखंड व रस्ते आहेत. त्यामुळे एका बाजूने वाढणारा समुद्र व दुसऱ्या बाजूने पक्का बांध यांच्या कात्रीत कांदळवनाचा पट्टा सापडतो आणि एकही झाड न तोडता तो अरुंद होत जाण्याचा संभव असतो.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांनुसार महाराष्ट्रातील कांदळवनांचे क्षेत्र २०१३ मध्ये १८६ चौ. किमी. होते, ते २०२१ मध्ये ३२४ चौ. किमी. झाले. ही वाढ समाधानकारक असली, तरी तिचा अर्थ सावधपणे लावावा लागतो. काही वाढ संरक्षणामुळे, तर काही मोजणीची साधने सुधारल्यामुळे दिसून येते. खाड्यांत साचलेल्या गाळावर तिवर पसरल्यामुळेही क्षेत्र वाढते व तेथे चिखलाची उघडी मैदाने कमी होतात. चिखल उकरून कृमी व शिंपले खाणाऱ्या स्थलांतरी पक्ष्यांना याच मैदानांची गरज असते. म्हणून केवळ कांदळवनाचे क्षेत्र हे खाडीच्या आरोग्याचे पुरेसे माप नव्हे.

वाळूचा किनारा व कासवे : वाळूच्या किनाऱ्यावरही अशीच कोंडी होते. अर्नाळा, भुईगाव इ. ठिकाणी लाटांमुळे किनाऱ्याची धूप झाली असून सुरूची अनेक झाडे उन्मळून पडली आहेत. धूप थांबविण्यासाठी दगडी बंधारे घातले जातात. त्यांनी वस्तीचे रक्षण होते, परंतु बंधाऱ्यापुढील वाळूचा पट्टा पुष्कळदा नाहीसा होतो. समुद्री कासवांच्या दृष्टीने हा पट्टा महत्त्वाचा असतो. महाराष्ट्रात ऑलिव्ह रिडले या जातीची कासवे मुख्यतः रत्नागिरी, सिंधुदुर्ग व रायगड या जिल्ह्यांच्या किनाऱ्यांवर अंडी घालतात. वेळास (जि. रत्नागिरी) येथे २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने घरट्यांचे रक्षण सुरू केले व पुढे वन विभागाने हे काम किनाऱ्यावरील अनेक गावांत नेले. जानेवारी २०२२ मध्ये वेळास येथे ‘प्रथमा’ असे नाव दिलेल्या मादीस उपग्रहाद्वारे माग काढणारे उपकरण बसविण्यात आले. ती पुढे गुजरातच्या समुद्रापर्यंत गेली. याच मार्गावर पालघरचा समुद्र आहे. पावसाळ्यात जखमी कासवे या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर वाहून येतात व त्यांच्यावर डहाणू येथील केंद्रात उपचार केले जातात.

कासवाच्या पिलाचे लिंग अंडी उबत असताना वाळूचे जे तापमान असते त्यावर ठरते. सु. २९° से. तापमानास नर व माद्या जवळजवळ सारख्या प्रमाणात निपजतात. त्याहून अधिक तापमानात माद्यांचे प्रमाण वाढते व तापमान फारच वाढल्यास अंडी नासतात. म्हणून अंडी कोल्ह्या-कुत्र्यांपासून व माणसांपासून वाचविणे एवढेच आता पुरेसे ठरत नाही. उबवण केंद्रातील वाळूचे तापमान मोजणे व गरजेप्रमाणे सावली करणे हाही संरक्षणाचा भाग झाला आहे [→ कासव].

डोंगरावरील वने व संचारमार्ग : तापमान वाढले म्हणजे उंच पर्वतांवरील जाती अधिक उंचीवर सरकतात. तुंगारेश्वरचे सर्वोच्च शिखर सु. ६६० मी. उंच असल्याने तेथील जीवांना वर सरकण्यास फारसा वाव नाही. त्यांना आडवेच, म्हणजे एका वनातून दुसऱ्या वनात, जावे लागते. उन्हाळ्यात ओढे आटणे व वणवे लागणे यांमुळे ही गरज वाढते. तथापि, तुंगारेश्वर व संजय गांधी राष्ट्रीय उद्यान यांच्या दरम्यान चिंचोटी–भिवंडी रस्ता, वसई–दिवा लोहमार्ग, औद्योगिक वसाहती व वसईची खाडी असे एकामागून एक अडथळे आहेत.

असे असूनही हा मार्ग पूर्णपणे तुटलेला नाही, याचा पुरावा एका बिबट्याने दिला. २००९ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका वयस्क नरास विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी माग काढणारा गळपट्टा बसविला आणि त्यास माळशेज घाटात सोडण्यात आले. ‘आजोबा’ या नावाने प्रसिद्ध झालेला हा बिबट्या सु. १२० किमी. अंतर चालून, मुंबई–आग्रा महामार्ग, कसाऱ्याजवळील लोहमार्ग व वसईचा औद्योगिक परिसर ओलांडून आणि खाडी पोहून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. २०११ मध्ये तो महामार्गावर वाहनाच्या धडकेने मरण पावला. जो मार्ग प्राण्याच्या दृष्टीने वापरता येण्याजोगा आहे, तोच त्याच्या मृत्यूचेही कारण ठरू शकतो, हे या उदाहरणावरून दिसते. २०२४ मध्ये वसईच्या किल्ल्याच्या परिसरात एक बिबट्या आढळला. अनेक दिवसांच्या प्रयत्नांनंतर वन विभागाने त्यास पिंजऱ्यात पकडले.

कायदेशीर संरक्षण : वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व वन (संवर्धन) अधिनियम, १९८० हे या क्षेत्रातील मूळ कायदे होत. किनाऱ्यासाठी १९९१ मध्ये किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. तिच्या जागी २०११ व २०१९ मध्ये नव्या अधिसूचना आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी राज्यातील कांदळवनांची तोड व त्यांतील भराव यांस मनाई करून कांदळवनाभोवतीच्या ५० मी. पट्ट्यातील बांधकामासही बंदी घातली; सप्टेंबर २०१८ मधील अंतिम निर्णयाने हे संरक्षण कायम झाले. २०१२ मध्ये राज्य वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. २०१५ मध्ये ठाणे खाडी हे रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे अभयारण्य घोषित झाले व २०२२ मध्ये त्याचा रामसर स्थळांत समावेश झाला. पांढरी चिपी हा राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून २०२० मध्ये निवडण्यात आला.

कायद्याने तोड बरीच आटोक्यात आली. तथापि सार्वजनिक प्रकल्पांसाठी न्यायालयाच्या परवानगीने कांदळवन तोडता येते. मुंबई–अहमदाबाद द्रुतगती रेल्वेसाठी सु. २०,००० झाडे तोडण्यास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली. त्याबदली नवी लागवड करण्याची अट असते. यापेक्षा मूलभूत उणीव अशी की, ५० मी.चा पट्टा कांदळवनाच्या आजच्या कडेपासून मोजला जातो. पन्नास वर्षांनंतर ती कड कोठे असेल व तोपर्यंत तेथे काय बांधले गेले असेल, याचा विचार या मोजणीत नसतो.

बोळिंज व नागरीकरण : वसईचा पश्चिम भाग केळी, पानवेली, फुले व भाजीपाला यांच्या वाड्यांसाठी प्रसिद्ध होता. या वाड्यांना पाणी पुरविणारी बावखले म्हणजे पावसाचे पाणी साठविणारी व भूजल मुरविणारी उथळ तळी होत. गोड्या भूजलाचा दाब टिकल्याने समुद्राचे खारे पाणी विहिरींत शिरत नसे. शिवाय मासे, बेडूक, पाणसर्प व पाणपक्षी यांना बावखलांत आश्रय मिळे. मुंबईत घर न परवडणाऱ्या कुटुंबांची वस्ती १९८० नंतर विरार–वसईकडे झपाट्याने वाढली. तालुक्यातील पाणी, जमीन व हिरवाई वाचविण्यासाठी हरित वसई संरक्षण समितीने फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली चळवळ केली. २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती. बोळिंज येथे गृहनिर्माण मंडळाने (म्हाडाने) सु. दहा हजार सदनिकांची वसाहत उभारली. अशा घरांची गरज खरी आहे. मात्र जमिनीला भाव आला म्हणजे बावखले व सखल शेते प्रथम बुजविली जातात आणि त्याबरोबर पावसाच्या पाण्याची व वन्य जीवांची जागाही जाते. २०१८ च्या पुरानंतर महानगरपालिकेने नेमलेल्या तज्ञांच्या समितीने पाणी साठविणाऱ्या धारण तलावांची शिफारस केली. बावखल हे तेच काम लहान प्रमाणावर पूर्वीपासून करीत आले आहे.

उपाय : बदलत्या जलवायुमानातील संरक्षणाचा मुख्य उपाय म्हणजे जीवांना सरकण्यास जागा मोकळी ठेवणे हा होय. कांदळवनामागील वापरात नसलेली मिठागरे व पडीक खार जमीन भरावापासून राखून ठेवल्यास आणि बांधांच्या उघाड्यांतून भरतीचे पाणी काही प्रमाणात आत घेतल्यास कांदळवन व चिखलाची मैदाने या दोहोंना वाव मिळतो. इंग्लंडमधील वॉलसी बेटावर २०१५ मध्ये जुना समुद्रबांध मुद्दाम फोडून शेतजमिनीवर पुन्हा खाजण निर्माण करण्यात आले; त्यासाठी लंडनच्या भुयारी रेल्वेच्या खोदकामातील माती वापरली गेली. कोकणात खारभूमीवर भात पिकविणारी कुटुंबे असल्याने हा उपाय जसाच्या तसा लागू करता येणार नाही. शेतकऱ्याची संमती व भरपाई यांवाचून तो न्याय्यही ठरणार नाही. ज्या खाजणात आज शेती होत नाही, तेथे मात्र तो विचारात घेण्याजोगा आहे.

वनांच्या बाबतीत रस्ते व लोहमार्ग यांखालून प्राण्यांसाठी वाटा ठेवणे आवश्यक ठरते. नागपूरजवळ पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्र. ४४ खाली अशा नऊ वाटा बांधल्या असून वाघासह अनेक प्राणी त्यांचा वापर करतात, असे स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपलेल्या छायाचित्रांवरून सिद्ध झाले आहे. स्थानिक लोकांचे हित संरक्षणाशी जोडणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. वेंगुर्ले येथील महिलांच्या बचत गटाने सुरू केलेली कांदळवन सफर व वेळासचा कासव महोत्सव ही याची महाराष्ट्रातील उदाहरणे होत.

जागा न उरल्यास काय होते, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस असलेल्या ब्रॅम्बल के या लहानशा प्रवाळद्वीपावर घडले. समुद्राच्या वाढत्या पातळीने तेथील वनस्पती नष्ट झाल्या व त्यांवर जगणारा, अन्यत्र कोठेही नसलेला उंदरासारखा एक प्राणी नामशेष झाला. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाने त्याची अधिकृत नोंद केली. हरितगृह वायूंचे उत्सर्जन कमी झाल्याशिवाय तापमान व समुद्राची पातळी यांची वाढ रोखता येणार नाही आणि ते कार्य एका तालुक्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. खाजण, बावखल व वनांमधील वाट मोकळी ठेवणे मात्र स्थानिक नियोजनाच्या कक्षेत येते. वसईच्या किनाऱ्यावर अशा जागा अद्याप काही प्रमाणात शिल्लक आहेत. त्या शहराच्या विकास आराखड्यात मोकळ्या राहिल्या, तर पुढील काळात वन्य जीवांबरोबर तेथील वस्तीलाही पुरापासून संरक्षण मिळू शकेल.